करंट कुणी खात नाही: सहा व्होल्ट, एक एलईडी आणि सर्किटची पहिली ओळख

“जुना फ्रिज आहे, करंट फार खातो.” हे वाक्य आपल्याकडे घराघरांत ऐकू येतं. वीजबिलाबद्दल बोलताना त्यात काही बिघडत नाही. पण सर्किट शिकायला बसलेल्या माणसाच्या डोक्यात हेच वाक्य घट्ट बसलेलं असतं. बॅटरीतून करंट निघतो, बल्ब त्यातला काही खातो आणि उरलासुरला परत येतो, असं चित्र त्याच्यासमोर उभं राहतं. मी ज्या मुलांना आणि मोठ्यांना पहिलं सर्किट जोडायला शिकवलं, त्यांतले बहुतेक जण इथेच अडले. सूत्र त्यांना पाठ होतं, गणितही येत होतं, पण तारेत काय चाललंय याचं चित्र चुकलेलं होतं. म्हणून या लेखात आपण एक छोटं सर्किट जोडू आणि त्यात ठिकठिकाणी मीटर लावून स्वतःच्या डोळ्यांनी पाहू. दोन-तीन तासांची दुपार पुरते.

आधी चित्र नीट करून घेऊ

विहिरीवरचं रहाटगाडगं आठवा. मडक्यांची अखंड माळ असते. मडकी खाली विहिरीत भरतात, वर येऊन पाटात रिकामी होतात आणि पुन्हा खाली जातात. बैल थांबले की सगळी माळ एकाच वेळी थांबते, चालले की सगळी एकाच वेळी हलते. मिनिटाला दहा मडकी वर येत असतील तर दहाच मडकी खाली जातात. पाट पाणी घेतो, मडकी घेत नाही.

सर्किटही असंच आहे. बॅटरी म्हणजे विहीर, जिथे मडकी भरतात. बल्ब म्हणजे पाट, जिथे ती रिती होतात. एका जागेवरून सेकंदाला किती मडकी जातात तो करंट, म्हणजे विद्युतधारा. ती अँपिअरमध्ये मोजतात. एकेका मडक्यात किती पाणी आहे, म्हणजे किती ऊर्जा आहे, ते व्होल्टेज. त्याला पाठ्यपुस्तकात विभवांतर म्हणतात आणि ते व्होल्टमध्ये मोजतात. वाटेतली अडवणूक म्हणजे रेझिस्टन्स, मराठीत रोध. त्याचं एकक ओहम. हे मराठी शब्द नववीच्या ‘धाराविद्युत’ या धड्यात येऊन गेलेत. दुकानात मात्र करंट, व्होल्टेज आणि रेझिस्टन्स हेच बोला.

तारेतली मडकी म्हणजे इलेक्ट्रॉन. एक अँपिअर धारा वाहत असेल तर तारेच्या कुठल्याही छेदातून सेकंदाला सुमारे ६२४ वर सोळा शून्यं इतके इलेक्ट्रॉन जातात. तरीही ते फार हळू सरकतात. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत एक अँपिअर धारा असताना एक इलेक्ट्रॉन तासाला जेमतेम २६ सेंटिमीटर पुढे जातो. मग बटण दाबताक्षणी दिवा कसा लागतो? बैलाने पहिलं पाऊल टाकताच रहाटाची अख्खी माळ हलते, तसाच. इलेक्ट्रॉन तारेत आधीपासून खचाखच भरलेले असतात. बटण त्यांना फक्त चालायची वाट पुरी करून देतं.

धारेची दिशा आपण अधिकाकडून उण्याकडे मानतो, इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात उलट जातात. इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी दिशा ठरून गेली होती. आपल्या कुठल्याही गणिताला याने फरक पडत नाही, तेव्हा यावर वेळ घालवू नका.

काय काय लागेल

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. तिथे हे सगळं एकाच दुकानात मिळतं. इतर गावांत टीव्ही-मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा.

पेन्सिल सेल चार आणि चार सेलचा होल्डर. एक ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डर न करता सर्किट जोडायचा भोकाभोकांचा बोर्ड, आणि त्यात खोचायच्या काही जंपर वायर. रेझिस्टर: १०० ओहम, ४७० ओहम, १ किलोओहम (म्हणजे हजार ओहम), १० किलोओहम, प्रत्येकी चार-पाच, पाव वॅटचे. लाल एलईडी पाच-सहा, पांढरे दोन. आणि एक डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट आणि रोध तिन्ही मोजणारा मीटर. तो पिवळ्या रंगाचा, गोल चकतीचा स्वस्त मीटर इथे अगदी पुरेसा आहे. सेल नेहमीचे दीड व्होल्टवाले घ्या. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, त्यांनी पुढचे आकडे बदलतील.

दोन गोष्टी या टेबलावर आणायच्याच नाहीत. एक, भिंतीतला सॉकेट. दुसरी, मोबाइलची किंवा लॅपटॉपमधून काढलेली लिथियम बॅटरी. सहा व्होल्टचे पेन्सिल सेल चुकून शॉर्ट झाले तर गरम होतील, फार तर खराब होतील. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर आग लागू शकते. शिकताना चुका होणारच, म्हणून चूक परवडेल अशाच गोष्टीवर शिका.

पायरी १: सेल मोजा

मीटरची काळी पिन ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात, लाल पिन व्होल्ट-ओहम लिहिलेल्या भोकात. १० अँपिअरचं तिसरं भोक वेगळं असतं, त्याला आज हात लावू नका. चकती डीसी व्होल्टच्या २० वर आणा. डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, बॅटरीची तशीच असते. डीसीची खूण म्हणजे एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ. नागमोडी रेघ असेल तर ती एसीची, म्हणजे घरातल्या विजेची बाजू.

सेलच्या टोपीला लाल टोक, सपाट बुडाला काळं. नवा सेल १.५ ते १.६ व्होल्ट दाखवेल. टोकं उलटी लावून पाहा, आकड्याआधी उणे चिन्ह येईल. बिघडत काही नाही. आता चारही सेल होल्डरमध्ये घालून दोन्ही तारांमध्ये मोजा. माझ्यासमोरच्या होल्डरवर ६.२ आलं, पुढची गणितं मी त्यावरच करतो. तुम्ही तुमचा आकडा घ्या.

आता फक्त लाल टोक होल्डरला लावा आणि काळं हवेत ठेवा. काहीच येत नाही. व्होल्टेज हे नेहमी दोन जागांमधलं असतं. “या तारेत किती व्होल्ट आहेत?” हा प्रश्नच अपुरा आहे. “कुठल्या जागेच्या तुलनेत?” हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

पायरी २: रोध मोजा, आणि स्वतःला मोजा

चकती ओहमच्या २००० वर. रेझिस्टर सर्किटमध्ये नको, सुटा हवा, आणि त्याला बॅटरी जोडलेली नको. रोध मोजताना मीटर स्वतःची छोटी धारा पाठवून पाहत असतो. त्यात बाहेरची धारा मिसळली की आकडा खोटा येतो.

४७० ओहमच्या रेझिस्टरवर पिवळा, जांभळा, तपकिरी आणि शेवटी सोनेरी पट्टा असतो. पिवळा म्हणजे ४, जांभळा ७, तपकिरी म्हणजे पुढे एक शून्य. सोनेरी म्हणजे पाच टक्के इकडे-तिकडे, त्यामुळे ४४७ ते ४९३ मधलं काहीही बरोबर. १ किलोओहम म्हणजे तपकिरी, काळा, लाल. १० किलोओहम म्हणजे तपकिरी, काळा, नारिंगी. निळसर अंगाचे पाच पट्ट्यांचे रेझिस्टर मिळाले तर पट्टे वाचत बसू नका, सरळ मोजा. खरं तर कुठलाही रेझिस्टर लावण्याआधी मोजायची सवय लावा. पिवळ्या दिव्याच्या उजेडात लाल, नारिंगी आणि तपकिरी सारखेच दिसतात.

मग चकती २००० किलोओहमवर न्या आणि मीटरची दोन टोकं दोन हातांच्या चिमटीत धरा. कोरड्या बोटांना काहीशे किलोओहम येतील, कधी आकडा मर्यादेबाहेरही जाईल. आता बोटं पाण्यात बुडवून पुन्हा धरा. आकडा कोसळतो. घट्ट दाबा, आणखी कोसळतो.

हा प्रयोग प्रत्येक घरात एकदा तरी व्हावा असं मला मनापासून वाटतं. “ओल्या हाताने बटणाला हात लावू नको” हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्याचं कारण इथे मीटरवर दिसतं. रोध जवळजवळ सगळा कोरड्या कातडीत असतो. आतलं शरीर खारट पाण्यासारखं, चांगलं वाहक. ओल्या हातांनी घट्ट धरलं तर शरीराचा रोध हजार-दोन हजार ओहमपर्यंत उतरतो. घरातल्या २३० व्होल्टला दोन हजाराने भागा: ०.११५ अँपिअर, म्हणजे ११५ मिलिअँपिअर. घरात जो आरसीसीबी बसवतात, तो ३० मिलिअँपिअरची गळती झाली की पुरवठा तोडतो, कारण त्याच्यावरची धारा छातीतून गेली तर जीव जाऊ शकतो. आणि कोरड्या हातांचा मोठा आकडा पाहून निर्धास्त होऊ नका. २३० व्होल्टखाली कातडीचा रोधही टिकत नाही.

पायरी ३: पहिला दिवा

ब्रेडबोर्डच्या मधल्या भागात पाच-पाच भोकांच्या ओळी असतात. एका ओळीतली पाचही भोकं आतून जोडलेली असतात. मधल्या खाचेच्या पलीकडची ओळ वेगळी. कडेच्या लांब पट्ट्या लांबीच्या दिशेने जोडलेल्या असतात, त्या बॅटरीसाठी. काही बोर्डांवर त्या मध्यावर तुटलेल्या असतात, हे लक्षात नसलं तर तासभर डोकं खाजवावं लागतं. पट्टीवरची छापील रेघ मध्येच तुटलेली दिसली तर तसाच बोर्ड समजा.

होल्डरची लाल तार कडेच्या लाल पट्टीत, काळी निळ्या पट्टीत. लाल पट्टीतून जंपर एका ओळीत. त्याच ओळीत ४७० ओहम रेझिस्टरचा एक पाय, दुसरा पाय दुसऱ्या ओळीत. त्या दुसऱ्या ओळीत एलईडीचा लांब पाय, आखूड पाय तिसऱ्या ओळीत. तिसऱ्या ओळीतून जंपर निळ्या पट्टीत. एलईडी लागला.

लागला नाही तर आधी एलईडी उलटा करून पाहा. तो एकाच दिशेने धारा जाऊ देतो. पाय कापलेले असतील तर काठाचा सपाट भाग शोधा, ती उण्याची बाजू.

रेझिस्टर नसेल तर चालेल का, हे सगळेच विचारतात. चालणार नाही. लाल एलईडी सुमारे २ व्होल्टवर पेटतो, आणि त्याच्या थोडं वर गेलं की त्यातली धारा भराभर वाढते. साधा एलईडी २० मिलिअँपिअरपर्यंतच सोसतो. सहा व्होल्ट थेट लावले तर क्षणभर झगमगून जातो. रेझिस्टर ती धारा आवरून धरतो.

पायरी ४: व्होल्टेजचा हिशोब

सर्किट चालू ठेवा. मीटर पुन्हा डीसी २० व्होल्टवर. रेझिस्टरच्या दोन पायांना दोन टोकं लावा: सुमारे ४.२. एलईडीच्या दोन पायांना: सुमारे २.०. बेरीज ६.२, म्हणजे बॅटरीइतकीच. जंपर वायरच्या दोन टोकांत मोजा: शून्य. कारण तारेत अडवणूक जवळपास नाहीच.

मडक्यातलं पाणी कुठे किती सांडलं, याचा हा हिशोब आहे. जेवढं विहिरीत भरलं तेवढंच वाटेत सांडलं, रिकामं मडकं परत आलं. हा नियम गुस्टाव किरखॉफ यांनी १८४५ साली मांडला, तेव्हा ते विद्यार्थीच होते. पुढे कितीही गुंतागुंतीचं सर्किट आलं तरी एका बंद वाटेवरची बेरीज अशीच जुळते.

पायरी ५: करंट तीन ठिकाणी मोजा

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप आहे ते काम. इथे मीटरची वागणूक बदलते, आणि नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. व्होल्टेज मोजताना मीटर दोन जागांवर बाहेरून टेकवायचा असतो. धारा मोजताना वाट तोडून मीटर मध्ये बसवावा लागतो, म्हणजे सगळी मडकी मीटरमधून जातील. धारेच्या जागेवर असलेल्या मीटरचा रोध अगदी कमी असतो. तो तसाच बॅटरीच्या दोन टोकांना टेकवला तर बॅटरी शॉर्ट होते आणि मीटरमधला फ्यूज उडतो. माझा पहिला मीटर असाच गेला होता. फ्यूज उडालाय हे न कळल्यामुळे पुढचे दोन दिवस मी प्रत्येक सर्किटमध्ये करंट शून्य आहे असं वहीत लिहीत होतो.

बॅटरीची एक तार काढा. चकती डीसी अँपिअरच्या २० मिलिअँपिअरवर आणा. लाल पट्टी आणि रेझिस्टर यांच्यातला जंपर काढा आणि त्या जागी मीटरची दोन टोकं जोडा. बॅटरी लावा, आकडा लिहा. बॅटरी काढा, तो जंपर परत बसवा, आणि मीटर रेझिस्टर व एलईडी यांच्यामध्ये घाला. आकडा लिहा. तिसऱ्यांदा एलईडी आणि निळी पट्टी यांच्यामध्ये. आकडा लिहा.

तिन्ही ठिकाणी तोच आकडा. रेझिस्टरच्या आधी जेवढा, एलईडीच्या नंतरही तेवढाच. एलईडीने प्रकाश दिला, रेझिस्टर किंचित कोमट झाला, पण करंट कुणी खाल्ला नाही. मडकी तेवढीच फिरली, पाणी सांडलं. फ्रिजही करंट खात नाही, तो ऊर्जा घेतो. मीटर रीडरने लिहून नेलेलं युनिट म्हणजे ऊर्जाच, एक किलोवॅट एक तास.

इथे घाई करू नका. तिन्ही आकडे स्वतः मोजून वहीत लिहा. वाचून पटलेली गोष्ट आठवड्यात निसटते.

पायरी ६: ओहमचा नियम, आता कामाला लावू

गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम इतकाच आहे: रोधाच्या दोन टोकांमधल्या व्होल्टेजला रोधाने भागलं की धारा मिळते. रेझिस्टरवर ४.२ व्होल्ट, रोध ४७०. भागाकार ०.००८९ अँपिअर, म्हणजे ८.९ मिलिअँपिअर. मीटरवर कदाचित ८.७ दिसलं असेल. मीटरचा स्वतःचा थोडा रोध वाटेत आला, रेझिस्टर नेमका ४७० नव्हता, म्हणून. एवढा फरक चालतो.

भागाकार करताना बॅटरीचे ६.२ घेऊ नका. ज्या वस्तूचा रोध, त्याच वस्तूवरचं व्होल्टेज. परीक्षेतल्या निम्म्या चुका या एका गोष्टीच्या असतात.

आता ४७० काढून १ किलोओहम लावा. आधी कागदावर काढा: ४.२ भागिले १०००, म्हणजे ४.२ मिलिअँपिअर. मग मोजा. १० किलोओहम लावा: अर्ध्या मिलिअँपिअरच्या आत, एलईडी अंधाऱ्या खोलीतच नीट दिसेल. १०० ओहमचं आधी गणित करा आणि मग लावायचा की नाही ते ठरवा. उत्तर ४२ मिलिअँपिअर येतं, एलईडीच्या मर्यादेच्या दुप्पट. नका लावू.

रेझिस्टर किती वॅटचा हवा, तेही याच आकड्यांतून निघतं. ४.२ व्होल्ट गुणिले ०.००८९ अँपिअर, सुमारे ०.०४ वॅट. पाव वॅटचा रेझिस्टर निवांत आहे.

ओहमचा नियम सगळ्याच वस्तूंना सरळ लागू पडत नाही, हे पहिल्याच दिवशी पाहून घेतलेलं बरं. एलईडीचा ठरावीक असा रोधच नसतो. आणि तापणाऱ्या तारेचा रोध तापमानाबरोबर बदलतो. गॅरेजमधून दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा साधा बल्ब आणा. पेटलेला असताना त्याचा रोध १२ गुणिले १२ भागिले १०, म्हणजे १४.४ ओहम हवा. थंड बल्बला मीटर लावा. दीड-दोन ओहमच्या आसपास येईल. मीटर बिघडलेला नाही. थंड फिलामेंटचा रोध पेटलेल्याच्या साधारण दहावा हिस्सा असतो. म्हणूनच फिलामेंटचे बल्ब बहुधा बटण दाबण्याच्या क्षणीच जायचे, त्या पहिल्या क्षणी त्यांच्यातून कितीतरी पट धारा जायची.

पायरी ७: एकसर आणि समांतर

दोन ४७० एकापुढे एक जोडून मोजा: ९४०. मडक्यांना दोन्ही अडवणुकींतून जावंच लागतं. ही एकसर जोडणी, म्हणजे सिरीज. तेच दोन शेजारी-शेजारी, पायाला पाय लावून जोडा: २३५. दोन वाटा झाल्या, एकूण अडवणूक निम्मी झाली. ही समांतर जोडणी, पॅरलल.

आता एलईडी. एका ४७० ओहमपुढे दोन लाल एलईडी एकसर जोडा. दोघांचे मिळून ४ व्होल्ट, रेझिस्टरला उरले २.२, धारा ४.७ मिलिअँपिअर. दोन्ही पेटतील, पण आधीपेक्षा कमी. तिसरा जोडा, तिन्ही अगदी मंद. त्यांना पुरेल एवढं पाणीच मडक्यात नाही. एक एलईडी उपटा, सगळेच विझतात.

समांतरमध्ये प्रत्येक एलईडीला स्वतःचा ४७० द्या. दोन्ही पूर्ण पेटतात, एक काढला तरी दुसरा तसाच राहतो, आणि बॅटरीतून निघणारी धारा दुप्पट होते, सुमारे १८ मिलिअँपिअर. घरातले सगळे दिवे-पंखे असेच समांतर असतात. प्रत्येकाला पूर्ण २३० व्होल्ट, आणि मीटरपासची मुख्य तार सगळ्यांच्या धारेची बेरीज वाहते.

दोघांत मिळून एकच रेझिस्टर का नाही? करून पाहा. एका रेझिस्टरपुढे एक लाल आणि एक पांढरा एलईडी शेजारी-शेजारी जोडा. फक्त लाल पेटतो. तो दोन व्होल्टवर वाट मोकळी करून देतो, आणि पांढऱ्याला तर तीनच्या आसपास लागतात. त्याची पाळीच येत नाही.

एकसर जोडणीचं आपल्या घरातलं जुनं उदाहरण म्हणजे गणपतीच्या आराशीची किंवा दिवाळीची बारीक बल्बांची माळ. सहा-सहा व्होल्टचे अडतीस-चाळीस बल्ब एकापुढे एक, मिळून २३०. एक गेला की सगळी माळ बंद. मग घरातला कुणीतरी माळ चालू ठेवूनच एकेक बल्ब उपटून पाहायचा, “सहा व्होल्टचा तर बल्ब आहे” म्हणत. इथे थांबून नीट विचार करा. बल्ब काढला की वाट तुटली, धारा शून्य. धारा शून्य म्हणजे बाकीच्या कुठल्याही बल्बवर एक व्होल्टही सांडत नाही. मग २३० व्होल्ट गेले कुठे? ते सगळेच्या सगळे त्या रिकाम्या खोबणीच्या दोन टोकांत उभे असतात. सहा व्होल्टच्या बल्बची जागा, पण बोटाला लागतील २३०. अशी माळ अजून घरात असेल तर प्लग काढल्याशिवाय तिला हात लावू नका. बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर बसवलेलं असू शकतं.

हेच तुमच्या सहा व्होल्टवर निर्धास्तपणे पाहता येतं. दोन एलईडींच्या एकसर सर्किटमधला एक उपटा आणि त्याच्या रिकाम्या भोकांत व्होल्टेज मोजा. बॅटरीचं बहुतेक व्होल्टेज तिथे सापडेल.

वाईट जोड आणि थकलेला सेल

रोध नेहमी दुकानातून विकत आणलेला नसतो. सैल स्क्रू, गंजलेली पट्टी, ढिला प्लग, हेही रोधच. दोन किलोवॅटचा गीझर घ्या. २००० भागिले २३०, सुमारे ८.७ अँपिअर. प्लगच्या ढिल्या पिनेत फक्त अर्धा ओहम रोध तयार झाला तर तिथे निघणारी उष्णता म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध: ८.७ गुणिले ८.७ गुणिले ०.५, सुमारे ३८ वॅट. साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते आणि ती कथील वितळवते. प्लगच्या आत त्याहून जास्त उष्णता अंगठ्याएवढ्या जागेत कोंडलेली. वितळलेले, काळे पडलेले प्लग यातून होतात. यात एमसीबी पडत नाही, कारण धारा वाढलेलीच नसते. म्हणून गीझर किंवा इस्त्री वापरल्यावर प्लगला हात लावून पाहा. नुसता कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर तो सॉकेट वापरणं आजच थांबवा आणि वायरमनला बोलवा.

बॅटरीच्या आतही रोध असतो, आणि सेल जुना होतो तसा तो वाढतो. घड्याळातून काढलेला सेल नुसता मोजला तर १.३-१.४ दाखवतो, पण खेळण्यातली मोटर त्यावर हलत नाही. मीटर अगदी थोडीच धारा घेतो, म्हणून आतली अडवणूक त्याला दिसत नाही. सेलवर मोटर किंवा बल्ब जोडा आणि तो चालू असताना मोजा. जो कोसळला तो संपलेला. ओहम यांनाही हीच अडचण आली होती. १८०० साली व्होल्टा यांनी बनवलेल्या प्रकारच्या बॅटऱ्या धारा काढताच डळमळायच्या, मोजमाप जुळेना. शेवटी त्यांनी बिस्मथ आणि तांब्याचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. तापमानं पक्की, म्हणून व्होल्टेज पक्कं. तेव्हा कुठे आकडे एका सूत्रात बसले.

पायरी ८: एक बिघाड शोधा

आता घरातला बंद पडलेला दोन सेलचा टॉर्च काढा. खोलता येतो असाच घ्या. इथपर्यंतची सगळी कामं त्यावर होतात.

सेल बाहेर काढून एकेक मोजा, नुसते आणि मग बल्ब जोडून. ठीक असतील तर परत बसवा. टॉर्च चालू करा आणि बल्बच्या दोन टोकांत मोजा. तिथे तीन व्होल्ट येत असतील आणि दिवा लागत नसेल तर बल्ब गेला. शून्य येत असेल तर वाट कुठेतरी तुटली आहे, आणि ते तीन व्होल्ट त्या तुटलेल्या जागेवर उभे आहेत. ती जागा शोधायची.

काळं टोक सेलच्या उण्या बुडाला धरून ठेवा. लाल टोक आधी मागच्या झाकणाच्या स्प्रिंगला, मग अंगाच्या पत्र्याला, मग बटणाच्या अलीकडच्या पट्टीला आणि मग पलीकडच्या पट्टीला लावत जा. वाट सलग आहे तोवर आकडा शून्याजवळ राहील. ज्या जागी तो एकदम उडी मारेल, बिघाड तिच्या मागच्याच जोडात. बहुतेक वेळा तो स्प्रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये सापडतो. सेल पाझरून तिथे पांढरट-हिरवट थर बसलेला असतो. सेल काढा, जुन्या टूथब्रशला थोडं व्हिनेगर लावून तो थर घासा, कोरडं पुसा, मग बारीक पॉलिश पेपर फिरवा. सेल परत घाला आणि त्याच दोन जागांत पुन्हा मोजा. अर्धा-पाऊण व्होल्ट अजून दिसत असेल तर आणखी घासा. शून्याजवळ आलं की झाकण लावा.